मटण वातड आणि बटाट्याचा गाळ : एकाच पातेल्यात मंद आचेवर शिजवताना नेमकं चुकतं कुठे?

गेल्या पावसाळ्यात आमच्या घरी ओळीने चार रविवार एकच रडगाणं चाललं होतं. सकाळी मटण आणायचं, धुवायचं, हळद-मीठ, आलं-लसूण चोळायचं आणि पातेल्यात घालायचं. त्यावरच बटाटा, गाजर, कोबी, मग पाणी, झाकण आणि बारीक गॅस. दोन तासांनी झाकण काढावं तर बटाटा रस्स्यात विरघळलेला, कोबीचा उग्र वास घरभर आणि मटण मात्र दाताखाली रबरासारखं. दुसऱ्या रविवारी आच वाढवली. मटण तुटायला लागलं, पण तोंडात नुसता चोथा. तिसऱ्या रविवारी कच्ची पपई लावून बघितली, तर फोडी बाहेरून पिठूळ आणि आत होत्या तशाच. चौथ्या रविवारी सासूबाई म्हणाल्या, "अगं, कुकरला लाव आणि मोकळी हो."

कुकरला माझा विरोध नाही, आठवड्यात तोच हाताशी असतो. पण मला हवा होता तो मंद शिजलेला, ओठाला किंचित चिकटणारा रस्सा आणि त्यातच शिजलेल्या, तरी आकार टिकवून असलेल्या भाज्या. त्याचं वेड माझ्या डोक्यात पुतणीमुळे शिरलं. ती बॉस्टनला असते. मार्च महिन्यात सेंट पॅट्रिक्स डेला, म्हणजे आयरिश लोकांच्या सणाला, तिकडे घरोघरी कॉर्न्ड बीफ आणि कोबी शिजतो, तसा तिच्या शेजारीही शिजतो. तिने फोनवर सगळी कृती सांगितली. कॉर्न्ड म्हणजे मका घातलेलं, असं मला वाटत होतं. पण तिथे 'कॉर्न' म्हणजे मिठाचे जाड खडे. मांसाचा मोठा तुकडा पाच-सात दिवस मसालेदार मिठाच्या पाण्यात मुरवायचा, मग मोठ्या भांड्यात अगदी मंद आचेवर तीन-चार तास ठेवायचा आणि भाज्या शेवटी घालायच्या. आपल्याकडे २०१५ पासून गाय-बैलाच्या मांसाला कायद्यानेच बंदी आहे, आणि आमच्या घरात ते कधी नव्हतंच. म्हणून पदार्थ तिचा आणि मांस आपलं, असं मी बोकडाच्या मटणावर करायला घेतलं.

तिच्या सांगण्यातल्या "भाज्या शेवटी" या दोन शब्दांकडे मी चार रविवार दुर्लक्ष केलं होतं. भांडं एक म्हणजे सगळं एकाच वेळी घालायचं, हा माझा समज होता आणि अर्धी गडबड तिथेच होती. उरलेली अर्धी खाली सांगते. ज्यांचं हेच होतंय त्यांनी आधी आपलं मटण कुठल्या प्रकारे बिघडलंय ते ओळखावं, कारण दोन बिघाडांचे उपाय एकमेकांच्या उलटे आहेत.

आधी फोड हातात घेऊन बघा

एक फोड ताटलीत काढा, दोन मिनिटं निवू द्या आणि चमच्याच्या पाठीने दाबा.

फोड चेंडूसारखी परत वर आली, चमचा घसरला, हाडाला मांस घट्ट धरून बसलेलं असलं, तर ते *कच्चं वातड* आहे. म्हणजे अजून शिजलेलंच नाही. घड्याळात किती वाजले त्याला महत्त्व नाही, त्याला आणखी वेळ हवा. बहुतेकजण इथेच घाबरून गॅस मोठा करतात. मीही केला होता.

फोड दाबल्यावर धागे सुटे झाले, पण चावताना कोरडे लागले, घोटभर रस्सा घेतल्याशिवाय घास उतरत नसला, तर ते *जास्त शिजलेलं कोरडं* आहे. त्याला आणखी वेळ देऊन काहीही होणार नाही. ते दोऱ्यांसारखं सोडवून रस्स्यातच मिसळून टाकायचं आणि पुढच्या वेळी आच किंवा तुकडा बदलायचा.

असं का होतं, ते माझ्या शब्दांत सांगते. मटणात दोन गोष्टी असतात. एक म्हणजे मांसाचे तंतू, आणि दुसरं म्हणजे त्या तंतूंना बांधून ठेवणारे पापुद्रे आणि शिरा, ज्यात कोलॅजेन असतं. तंतू साठ-पासष्ट अंशांच्या पुढे आकसू लागतात आणि आपलं पाणी बाहेर टाकतात. कोलॅजेनचं उलटं. ते सत्तर अंशांच्या आसपास हळूहळू विरघळायला लागतं, ऐंशी-नव्वदला जरा वेगाने, आणि त्याचं जिलेटिन होतं. पायाचा रस्सा बोटांना चिकटतो तो त्यामुळेच. मधल्या तास-दीड तासात तंतू आकसून झालेले असतात आणि कोलॅजेन अजून विरघळलेलं नसतं. त्या वेळी फोड खाल्ली तर ती सगळ्यात वाईट लागते. आपण नेमके तेव्हाच झाकण काढून चव बघतो आणि "बिघडलं" म्हणतो. तिथे हात आवरायचा. आणखी पाऊण-एक तासात तीच फोड मऊ होते.

रस्सा खदखदा उकळवून हे काम पटकन होईल असं वाटतं, पण उकळीत तंतू जास्त आवळतात, फोडी एकमेकांवर आपटून कडेने झिजतात आणि रस्सा गढूळ होतो. पातेल्याच्या कडेला एखाद-दुसरा बुडबुडा यावा आणि विरावा, एवढीच आच हवी. थर्मामीटर असेल तर ८५ ते ९२ अंश. मी एक साधा डिजिटल थर्मामीटर घेतला आणि पहिल्याच दिवशी कळलं की मी ज्याला बारीक गॅस म्हणत होते त्यावर रस्सा ९७ अंशांवर होता, म्हणजे साताऱ्याच्या उंचीवर जवळजवळ पूर्ण उकळीत.

मटण कुठलं आणि कधी आणलं

खाटकाकडे उभं राहून आपण "चांगलं द्या" म्हणतो आणि तो मांडीचं देतो. मांडीचं मांस दिसायला सुंदर, चरबी कमी, शिरा कमी. सुक्याला, खिम्याला उत्तम. पण तीन तास मंद शिजवायला तेच सगळ्यात वाईट, कारण विरघळायला त्यात फारसं काही नसतं आणि कोरडं पडायला भरपूर असतं. मंद आचेसाठी दस्त (पुढचा खांदा), मान, सीना (छाती) आणि दोन-तीन नळ्या मागा. मान स्वस्तही पडते. फोडी नेहमीपेक्षा मोठ्या करायला सांगा, लिंबाएवढ्या नको, संत्र्याच्या अर्ध्याएवढ्या. लहान फोड भाजी शिजेपर्यंत झिजून जाते.

जनावराच्या वयाचाही फरक पडतो. कोवळ्या बोकडाचं मटण मला दीड-दोन तासांत होतं, जून शेळीला तीन तासही कमी पडलेत. वयाबरोबर कोलॅजेनची वीण घट्ट होत जाते, म्हणून वेळ लागतो. माझं माहेर जत तालुक्यात, माडग्याळी मेंढ्यांच्या मुलखात. तिथे आई मेंढीचं मटण नेहमी आदल्या दिवशी आणायची. मला वाटायचं, रविवारची गर्दी टाळायला आणत असेल.

त्याचं कारण खरं तर वेगळं आहे. जनावर कापल्यावर काही तासांत स्नायू ताठरतात आणि तो ताठरपणा थंड जागी ठेवल्यावर साधारण एखाद्या दिवसात सैल होतो. रविवारी पहाटे कापलेलं, आठला आणलेलं आणि दहाला पातेल्यात गेलेलं मटण नेमकं त्या ताठरलेल्या अवस्थेत असतं. "एकदम ताजं" याचं आपल्याला फार कौतुक, पण मंद शिजवण्यासाठी शनिवारी संध्याकाळी आणून रात्रभर फ्रीजमध्ये ठेवलेलं मटण दर वेळी जास्त मऊ झालंय.

मीठ आदल्या रात्री

पुतणीच्या कृतीतली ही गोष्ट मी जशीच्या तशी उचलली, फक्त पाच-सात दिवसांऐवजी एक रात्र. हाडासकट एक किलो मटणाला १५ ग्रॅम मीठ, म्हणजे साधारण तीन सपाट चहाचे चमचे. फोडींना चोळून, डबा झाकून फ्रीजमध्ये. पहिल्या तासात पाणी सुटतं, सकाळपर्यंत बरंचसं परत आत जिरतं. मिठामुळे तंतूंमधली प्रथिनं थोडी सैल होतात आणि शिजताना पाणी धरून ठेवतात. चोथा होण्याचं प्रमाण यानेच सगळ्यात जास्त कमी झालं. पपईपेक्षा हे शंभर पटींनी बरं.

पपईचं काय बिघडतं तेही सांगून टाकते. कच्च्या पपईतलं पपेन साठ-सत्तर अंशांवर सगळ्यात जोरात काम करतं. कुकरमध्ये किंवा तेज आचेवर मटण ती पायरी झटकन ओलांडतं आणि पपेन निकामी होतं. मंद आचेवर मात्र ते त्याच पायरीवर बराच वेळ रेंगाळतं आणि फोडीचा बाहेरचा थर खाऊन पिठूळ करतं. मंद शिजवायचं असेल तर पपई लावूच नका. बार्बेक्यूला लावा.

मिठाचे दोन बिघाड. एक म्हणजे आदल्या रात्री मीठ लावलेलं विसरून सकाळी फोडणीत परत मीठ पडतं. आमच्याकडे एकदा झालं, तेव्हापासून डब्यावर कागद चिकटवते. दुसरं, रस्सा खारट झाल्यावर बटाटा घालायचा उपाय. बटाटा खारट पाणी पितो, नुसतं मीठ ओढून घेत नाही, त्यामुळे उरलेला रस्सा तेवढाच खारट राहतो. खरा उपाय म्हणजे दोन पळ्या रस्सा बाजूला काढून तेवढंच गरम पाणी घालणं. काढलेला रस्सा फेकू नका, दुसऱ्या दिवशी आमटीत चालतो.

आणि एक कळकळीची विनंती. तिकडच्या कॉर्न्ड बीफचा गुलाबी रंग नायट्राइट असलेल्या खास मिठामुळे येतो, ते मोजून-मापून वापरायचं असतं. रंगासाठी दुकानातला सोरा वगैरे आणून घरी प्रयोग करू नका. आपला रस्सा हळदीने पिवळा आणि चटणीने लाल होणार आहे, त्या गुलाबीचं आपल्याला काही काम नाही.

आच कशी धरायची

गॅसचा सगळ्यात छोटा बर्नर सगळ्यात बारीक केला तरी पातळ स्टीलच्या पातेल्याला तो जास्त होतो. मध्यभागी उकळी आणि कडेला शांत, असं चालतं आणि मधल्या फोडी तळाला लागतात. पातेल्याखाली जुना लोखंडी तवा ठेवा. आच सगळीकडे पसरते आणि पाच-सहा अंशांचा फरक पडतो. बिडाची जाड कढई असेल तर तव्याची गरज नाही. जर्मनचं (अ‍ॅल्युमिनियमचं) पातेलं चालेल, पण त्यात आंबट घालून तासन्‌तास ठेवू नका. पितळेच्या पातेल्याची कल्हई उडालेली असेल तर तेही या कामाला काढू नका.

झाकणाऐवजी वर ताट ठेवून त्यात पाणी घालायची आपली जुनी पद्धत इथे अतिशय उपयोगी. ताटातल्या पाण्याने वरचा भाग थंड राहतो, वाफ तिथे लागून परत खाली थेंब-थेंब पडते. रस्सा आटत नाही. आणि कमी पडलाच तर ताटातलंच कोमट-गरम पाणी आत घालायचं, गार पाणी ओतून शिजणं थांबवायचं नाही. ताटातल्या पाण्याला वाफा येऊन ते बोट घालवणार नाही इतकं तापलं की खाली आच जास्त झालीय असं समजायचं. थर्मामीटर नसेल तर मला हीच खूण सगळ्यात भरवशाची वाटते.

इंडक्शनवाल्यांसाठी. बऱ्याच इंडक्शन शेगड्या कमी आकड्यावर मंद तापत नाहीत, पूर्ण ताकदीने काही सेकंद तापतात आणि बंद होतात, परत तापतात. पातळ तळाचं भांडं त्यावर डागतं. जाड तळाचं घ्या आणि अधूनमधून तळ हलवा.

भाज्या : सगळ्यात जास्त पत्रं या प्रश्नाची यावीत असा हा भाग

भाजी मऊ होते ती पेशींना जोडणारं पेक्टिन सुटल्यामुळे. हे पेक्टिन साधारण ८५ अंशांच्या पुढे सुटू लागतं. मटणाला हवे तीन तास, बटाट्याला पुरतात तीस-चाळीस मिनिटं. दोघांना एकत्र बसवलं तर एकाचं नुकसान ठरलेलं. म्हणून मटण एकटंच जाऊ द्यायचं, नुसत्या हळदीवर, आलं-लसणावर, चिरलेल्या कांद्यावर आणि फोडी जेमतेम बुडतील एवढ्या गरम पाण्यावर. आपण अळणी काढतो तसंच. या टप्प्यावर लहान मुलांना वाटीभर अळणी काढून द्यायलाही बरं.

चमच्याने दाबल्यावर फोड कडेने सुटायला लागली, पण अजून पूर्ण मऊ नाही, अशा वेळी गाजर आणि नवलकोल जाड तुकडे करून घालते. दहा मिनिटांनी बटाटा, दोन किंवा चार भाग करून, बारीक फोडी कधीच नाही. शेवगा त्यानंतर, शेवटच्या वीस मिनिटांत. कोबी देठासकट उभा चिरून, पाने सुटणार नाहीत असे फाके, अगदी शेवटी पंधरा मिनिटं. कोबी जितका जास्त शिजेल तितकी त्यातली गंधकाची संयुगं वास सोडतात. चार रविवार घरभर भरलेला तो वास त्याचाच होता. मटार, फरसबी घालायची तर कोबीबरोबर.

प्रत्येक वेळी भाजी घातली की रस्सा थंड होतो. तेव्हा पाच मिनिटं आच वाढवून रस्सा परत उकळीच्या जवळ आणायचा आणि मग बारीक करायचा. ही पायरी चुकली तर उलटाच बिघाड होतो. बटाटा, गाजर कडक राहतात आणि कितीही वेळ ठेवलं तरी मऊ होत नाहीत. मला हे पहिल्यांदा झालं तेव्हा बटाटाच वाईट निघाला असं वाटलं. पण भाजीत एक एन्झाइम असतं, ते ५० ते ६५ अंशांच्या दरम्यान जागं होतं आणि पेक्टिनला कॅल्शियमशी बांधून आणखी पक्कं करतं. भाजी त्या तापमानात अर्धा-पाऊण तास रेंगाळली की ती पुढे उकळत्या पाण्यातही हट्टाने कडक राहते. विजेच्या स्लो कुकरमध्ये गार पाण्यात सगळं घालून सुरू केलं की नेमकं हेच होतं, कारण त्याला तापायलाच दोन-तीन तास लागतात. म्हणून पातेल्यात बटाट्याचा गाळ आणि स्लो कुकरमध्ये तोच बटाटा दगड, अशा उलट्यासुलट्या तक्रारी ऐकू येतात आणि दोन्ही खऱ्या असतात.

कडक राहण्याची आणखी दोन कारणं आहेत. एक आंबट. टोमॅटो, कोकम, चिंच, दही, काहीही आंबट आधी घातलं की पेक्टिन सुटायला वेळ लागतो. बटाट्यात सुरी सहज जाते का बघा, मगच टोमॅटो. दुसरं पाणी. आमच्या जुन्या घरी कास तलावाचं पाणी यायचं, आता साताऱ्यातच गोडोलीच्या बाजूला राहायला आल्यावर बोअरचं पाणी आहे, भांड्यांवर पांढरे डाग पडतात एवढं जड. त्या पाण्यातला चुना भाज्यांना आणि कडधान्यांना घट्ट धरून ठेवतो. तोच बटाटा, तीच आच, तरी पंधरा मिनिटं जास्त. आता या पातेल्याला मी फिल्टरचं पाणी वापरते. सोडा घालून मऊ करायच्या भानगडीत पडू नका, चिमूटभर जास्त झाला तर गाजराचा लगदा आणि रस्स्याला साबणाची चव.

बटाटा जुना, पिठूळ असेल तर तो फुटणारच. नवीन, पातळ सालीचा, चिकटसर बटाटा आकार धरतो. पर्याय नसेल तर जुना बटाटा सालीसकट अख्खा घालावा आणि वाढताना चिरावा.

घेवडा घालणार असाल तर थांबा

आपल्या कोरेगाव तालुक्याचा वाघ्या घेवडा मटणात फार सुंदर लागतो. त्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा मला मनापासून आनंद झाला होता. पण तो राजम्याच्याच जातीचा, आणि या जातीच्या कच्च्या दाण्यात लेक्टिन नावाचं एक विषारी प्रथिन असतं. जोरदार उकळीत ते मोडतं. ऐंशी अंशांच्या खालच्या तापमानात ते मोडत नाही, उलट अर्धवट तापवलेला दाणा कच्च्यापेक्षा जास्त त्रास देतो. दोन-तीन तासांत उलट्या, जुलाब. म्हणजे स्लो कुकरमध्ये भिजवलेला घेवडा थेट टाकणं ही खरोखर धोकादायक चूक आहे.

घेवडा रात्रभर भिजवा, ते पाणी ओतून द्या, नव्या पाण्यात खळखळ उकळवा. किमान दहा मिनिटं हवीत, मी अर्धा तास उकळते. ते पाणीही टाकून द्या. मग मटणात घाला. हीच काळजी बाजारातल्या लाल राजम्यालाही.

उंचीचा एक किस्सा इथेच सांगते. डिसेंबरात पाचगणीला नणंदेकडे हेच पातेलं केलं. मटण ठरल्या वेळी झालं, घेवडा आणि बटाटा मात्र होईनात. साताऱ्यात पाणी साधारण ९७-९८ अंशांवर उकळतं, पाचगणीला ९५-९६ वर. मंद मटण नव्वदच्या आसपासच शिजत असल्यामुळे त्याला काही फरक पडला नाही, पण ज्याला उकळीच हवी त्याला पडला. नणंदबाई म्हणाल्या, "आमच्याकडे घेवडा कुकरशिवाय होतच नाही, तुला आधी विचारायचं होतं." वर डोंगरात राहणाऱ्यांनी घेवडा कुकरमध्येच शिजवून घ्यावा.

रस्सा पाणचट, वाटण तळाला

झाकलेल्या भांड्यातून वाफ जात नाही आणि भाज्याही पाणी सोडतात. नेहमीच्या सवयीने तांब्याभर पाणी घातलं की शेवटी सगळं पाणी-पाणी. सुरुवातीला फोडी जेमतेम बुडतील एवढंच पाणी. तरी पातळ झालंच तर दोन बटाट्याच्या फोडी पातेल्याच्या कडेला दाबून मोडा, किंवा शेवटची दहा मिनिटं ताट काढून ठेवा.

खोबरं, तीळ, खसखस यांचं भाजलेलं वाटण आधी घालू नये. ते तळाशी बसतं, डागतं आणि मग सगळ्या रस्स्याला करपल्याचा वास. कांदा-लसूण मसाला तेलात परतून वाटण त्यात घालायचं, तेल सुटेपर्यंत परतायचं आणि शेवटच्या वीस मिनिटांत पातेल्यात सोडायचं. तीन तास शिजलेला मसाला बोथट होतो, हा वेगळा ताजा लागतो आणि वर लाल तवंगही येतो. डाग लागलाच तर चमच्याने तळ खरवडू नका. वरचं सगळं अलगद दुसऱ्या भांड्यात ओतून घ्या.

विजेचा स्लो कुकर असेल तर

अमेरिकेतून कुणी आणला असेल तर आधी त्याच्या बुडाखालचा आकडा वाचा. तिकडचा बहुतेक ११०-१२० व्होल्टचा असतो आणि आपल्याकडे २३०. थेट लावला तर जळतो. ट्रान्सफॉर्मर त्या वॅटचा असेल तरच.

गोठलेलं मटण थेट घालू नका, ते आतून तापेपर्यंत तासन्‌तास जंतूंना आवडेल अशा कोमट तापमानात राहतं. पाणी उकळतं घाला. भांडं अर्ध्याहून जास्त आणि काठाखाली चार बोटं, इतकंच भरा. बटाटा, गाजर घालायचे तर आधी उकळत्या पाण्यातून आठ-दहा मिनिटं काढून घ्या, म्हणजे वर सांगितलेला कडकपणा येत नाही. आणि झाकण उघडू नका. एकदा उघडलं की गेलेली उष्णता भरून यायला पंधरा-वीस मिनिटं जातात. माझ्या धाकट्या जावेची मुलं दर अर्ध्या तासाला झाकण उचलून वास घ्यायची आणि जाऊबाई म्हणायच्या, "हा डबा शिजवतच नाही."

वीज गेली तर? तुम्ही घरी असाल तर लगेच सगळं पातेल्यात ओतून गॅसवर उकळी आणा आणि तिथेच पुरं करा. तुम्ही बाहेर होतात आणि वीज किती वेळ गेली होती हे माहीतच नाही, तर ते मटण टाकून द्यायचं. किलोभर मटण टाकताना जीव तुटतो, मला माहीत आहे. पण परत उकळून सगळी विषं जात नाहीत. म्हणून रात्रभर लावून झोपण्यापेक्षा मी दिवसा, डोळ्यासमोर लावते.

आता आमचा रविवार

शनिवारी संध्याकाळी दस्त आणि मान आणून मीठ लावलेलं असतं. रविवारी साडेनऊला पातेलं चढतं. साडेअकरापर्यंत कुणी त्याला हात लावत नाही. मग गाजर, नवलकोल, पाठोपाठ बटाटा. बारा वाजून दहा मिनिटांनी शेवगा आणि वाटण, सव्वाबाराला कोबी. साडेबाराला गॅस बंद करून ताट तसंच पंधरा मिनिटं ठेवते. निवताना मटण थोडा रस्सा परत शोषून घेतं, लगेच वाढलं तर हा फायदा हुकतो. टोमॅटो मी घालत नाही, पानात लिंबू ठेवते.

उरलेलं पसरट भांड्यात काढून दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये टाकते. खोल पातेल्यात ठेवलं तर मध्यभाग रात्रीपर्यंत कोमट राहतो आणि सकाळी आंबूस वास येतो. दुसऱ्या दिवशी वर चरबीची पिवळसर साय धरलेली असते आणि खाली रस्सा थलथलीत गोठलेला. कोलॅजेन नीट विरघळलं की तो असा गोठतो. गोठला नसेल तर मटण अजून अर्धा तास हवं होतं, असं समजून पुढच्या रविवारी वेळ वाढवा. ती चरबी काढून मी सोमवारी कांदा परतायला घेते. सासूबाई मात्र तो गोठलेला रस्सा तसाच गरम करून त्यात शिळी ज्वारीची भाकरी कुस्करतात, आणि हल्ली त्यांनी कुकरचं नाव काढलेलं नाही.